फायटर-मेजची शस्त्रविद्या: ‘बाल्डर्स गेट’मध्ये प्रावीण्याचे तारे कुठे खर्च करावेत

गेल्या श्रावणात माझा भाचा लॅपटॉप काखोटीला मारून कोथरूडहून घरी आला. ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा खेळ खेळायला घेऊन दोन तास झाले होते, पण खेळ अजून सुरूच झाला नव्हता. “मामा, चार तारे द्यायचे आहेत आणि शस्त्रांची यादी काही संपत नाही. कटाना घेऊ का? चित्र भारी आहे,” असे त्याने विचारले. तारे म्हणजे वीराचे शस्त्रांतले प्रावीण्य दाखवणारे गुण. त्याला एल्फ वंशाचा फायटर-मेज, म्हणजे एकाच वेळी तलवार चालवणारा आणि मंत्र टाकणारा वीर घडवायचा होता. वीस-एक वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका खोलीत आम्ही चौघे मित्र एकाच संगणकापुढे बसून याच यादीपाशी अडलो होतो. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, हे पुणेकरांना सांगायला नको. त्या गुरुवारच्या दुपारी आम्ही फुलस्केप वहीत पेन्सिलीने रकाने आखून हिशोब करत असू. ती वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यातला हिशोब नव्याने तपासून हा लेख लिहिला आहे.

हे मार्गदर्शन बायोवेअर या कॅनडातील कंपनीने केलेल्या मूळ मालिकेसाठी आहे: १९९८ सालचा पहिला भाग, २००० सालचा दुसरा भाग आणि त्याला २००१ साली जोडलेली ‘थ्रोन ऑफ भाल’ ही पुरवणी. २०१२ आणि २०१३ साली आलेल्या ‘एन्हान्स्ड एडिशन’ आवृत्त्यांनाही ते लागू पडते. मूळ पहिल्या भागात प्रत्येक शस्त्राचे वेगळे प्रावीण्य नव्हते, शस्त्रांचे मोठे गट होते. त्यामुळे जुनी सीडी शोधून खेळणाऱ्यांनी पहिल्या भागाविषयीचा सल्ला तेवढा बाजूला ठेवावा.

तारा म्हणजे नेमके काय मिळते

या खेळात कमी आकडा चांगला मानावा लागतो, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. प्रत्येक वीराचा ‘थॅको’ नावाचा एक आकडा असतो. त्यातून शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे त्याच्या बचावाचा आकडा, वजा केला की वीसमुखी फाशावर किमान किती पडायला हवेत ते कळते. थॅको ९ असेल आणि शत्रूचा आर्मर क्लास ० असेल, तर ९ किंवा त्याहून जास्त पडले की वार लागतो, म्हणजे वीसपैकी बारा वेळा. फायटरचा थॅको दर पातळीला एकाने सुधारतो, तर मेजचा तीन पातळ्यांतून एकदा. मल्टिक्लास, म्हणजे एकाच वेळी दोन वर्गांत वाढणाऱ्या, वीराला दोहोंतला चांगला आकडा मिळतो, म्हणून फायटर-मेज वार करताना पूर्ण फायटरच्या बरोबरीने उभा राहू शकतो.

आता ताऱ्यांकडे वळू. शस्त्राच्या प्रकारात एकही तारा नसेल, तर फायटरला थॅकोत २ चा दंड बसतो. एक तारा दिला की दंड जातो, एवढेच. दुसरा तारा दिला की थॅको १ ने सुधारतो, प्रत्येक लागलेल्या वाराला २ जास्त इजा होते आणि दर फेरीत अर्धा वार जास्त मिळतो, म्हणजे दोन फेऱ्यांत मिळून एक वार वाढतो. निव्वळ फायटर याच्यापुढे पाच ताऱ्यांपर्यंत जाऊ शकतो. मल्टिक्लास फायटर-मेजला मात्र कोणत्याही शस्त्रात दोनच्या वर तारे देता येत नाहीत.

या मर्यादेमुळे अनेक जण हळहळतात, पण निवडीचा प्रश्न तिनेच सोपा करून ठेवला आहे. निव्वळ फायटरने दुसऱ्या शस्त्रावर घातलेला प्रत्येक तारा पहिल्या शस्त्रातून काढून घेतलेला असतो, म्हणून त्याला एकाच शस्त्राला चिकटून राहणे भाग पडते. फायटर-मेजचे पहिले शस्त्र दोन ताऱ्यांत पूर्ण होते आणि तिसरा तारा त्यात जातच नाही. तेव्हा आपण एक शस्त्र निवडत नसून शस्त्रांची जोडी आणि ती चालवण्याची पद्धत (तारे पद्धतीलाही देता येतात) निवडत आहोत, असे समजून बसले तर यादी आपोआप लहान होते.

एकूण तारे किती मिळणार, हेही आधी मोजून घ्यावे. पहिल्या पातळीला चार तारे मिळतात आणि पुढे फायटरच्या दर तिसऱ्या पातळीला, म्हणजे ३, ६, ९, १२ अशा पायऱ्यांवर, एकेक तारा मिळतो. मल्टिक्लास वीराचे अनुभवगुण दोन्ही वर्गांत निम्मे-निम्मे वाटले जातात, त्यामुळे या पायऱ्या दूरदूर पडतात. फायटरची नववी पातळी अडीच लाख गुणांवर आहे, म्हणजे फायटर-मेजला एकूण पाच लाख गुण लागतात. बाराव्या पातळीसाठी एकूण वीस लाख. पंधरावी पातळी एकूण पस्तीस लाखांवर येते आणि दुसऱ्या भागाची मूळ मर्यादा २९ लाख ५० हजार आहे, म्हणजे नववा तारा पुरवणी खेळल्याशिवाय हाती येत नाही. थोडक्यात, जवळजवळ सगळा खेळ आठ ताऱ्यांत काढायचा असतो. आठ ही संख्या डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचे वाचावे.

मंत्र काय करतात ते पाहून शस्त्र ठरवा

ढाल-तलवारीच्या पद्धतीत तारे घालणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. वीर नाजूक आहे, चिलखत घालून मंत्र टाकता येत नाहीत, मग बचाव वाढवावा, असा त्यामागचा विचार असतो. विचार चुकीचा नाही, पण तारा ही त्यासाठी योग्य जागा नाही. त्या पद्धतीच्या ताऱ्यांमुळे मुख्यतः बाण-गोफणीसारख्या दुरून येणाऱ्या माऱ्यापासून बचाव वाढतो. समोर उभ्या असलेल्या ओगरच्या सोट्यापासून वाढत नाही. उलट मंत्रांच्या दुसऱ्या वर्गातला (इथे वर्ग म्हणजे मंत्राची श्रेणी) ‘मिरर इमेज’ आपल्याभोवती खोट्या प्रतिमा उभ्या करून वार फुकट घालवतो, ‘ब्लर’ आपल्याला अस्पष्ट करून टाकतो आणि चौथ्या वर्गातला ‘स्टोनस्किन’ ठरावीक संख्येचे वार अंगाला लागूच देत नाही. स्टोनस्किनची कातडी शाबूत असेपर्यंत शत्रूने कितीही जोरात हाणले तरी त्या वाराची इजा होत नाही, त्यामुळे मंत्र म्हणताना लयही तुटत नाही. फायटर-मेजचा बचाव असा मंत्रांच्या पोथीतून येतो, आणि म्हणून त्याचे तारे हल्ल्यावर खर्च व्हावेत, हे माझे ठाम मत आहे.

यात एक काळाचा पेच आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढची निवड पटणार नाही. चौथ्या वर्गाचे मंत्र मेजच्या सातव्या पातळीला मिळतात आणि ती पातळी साठ हजार गुणांवर आहे. मल्टिक्लास वीराला एकूण एक लाख वीस हजार लागतात. फायटरची सातवी पातळी, जिथे दर फेरीत अर्धा वार वाढतो, ती चौसष्ट हजारांवर, म्हणजे एकूण एक लाख अठ्ठावीस हजारांवर आहे. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच वेळी मिळतात: पहिला भाग संपत आलेला असताना किंवा दुसरा भाग सुरू झाल्यावर लवकरच. त्याआधीचा फायटर-मेज खरोखरच नाजूक असतो. पहिल्या पातळीला फायटरचे १० आणि मेजचे ४ यांची सरासरी काढली की कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या दणकटपणाचा, लाभ धरण्यापूर्वी त्याच्या वाट्याला जेमतेम ७ जीवनगुण येतात. त्या काळात त्याने दुरून लढावे आणि स्टोनस्किन मिळाल्यावर गर्दीत शिरावे. एकाच वीराची ही दोन वेगळी आयुष्ये आहेत आणि ताऱ्यांची वाटणी दोन्हींचा विचार करून व्हायला हवी.

दोन हातांत दोन शस्त्रे: हिशोब करून पाहू

‘टू-वेपन’ पद्धतीविषयी मते खूप असतात आणि आकडे क्वचितच कोणी मांडतो, म्हणून इथे जरा थांबू. या पद्धतीत एकही तारा नसताना दोन शस्त्रे धरली, तर मुख्य हाताला ४ आणि डाव्या हाताला ८ चा दंड बसतो. एका ताऱ्यावर दंड २ आणि ६ होतो, दोन ताऱ्यांवर मुख्य हाताचा दंड पूर्ण जाऊन डाव्याचा ४ उरतो आणि तीन ताऱ्यांवर डाव्याचा २ उरतो. शस्त्रांना दोनची मर्यादा असली, तरी या एका पद्धतीत फायटर-मेजला तीन तारे देता येतात.

सातव्या पातळीचा एल्फ घेऊ. फायटरचा थॅको १४. ताकदीचे २, लाँग सोर्डमधल्या दोन ताऱ्यांचा १, तलवारीच्या जादूचा १ आणि एल्फ असल्याचा १ असे वजा केले की ९ उरतात. एल्फांना लाँग सोर्ड, शॉर्ट सोर्ड आणि धनुष्य या शस्त्रांत जन्मजात १ चा लाभ मिळतो. हाफ-एल्फला तो मिळत नाही. मुख्य हाताचे वार दर फेरीला दोन: मूळचा एक, दोन ताऱ्यांचा अर्धा आणि सातव्या पातळीचा अर्धा. डाव्या हाताचा वार एकच असतो. शत्रूचा आर्मर क्लास ० धरू आणि दोन्ही हातांत सारख्याच तलवारी आहेत असे मानू.

एकच तलवार असेल, तर दोन वारांपैकी प्रत्येक वार ६० टक्के लागतो, म्हणजे फेरीला सरासरी १.२ वार लागतात. पद्धतीत तारा नसताना दोन तलवारी धरल्या, तर मुख्य हात ४० टक्क्यांवर आणि डावा २० टक्क्यांवर येतो आणि सरासरी १.० होते. म्हणजे दुसरी तलवार घेऊन आपण नुकसानच करून घेतले. वहीत या ओळीखाली मित्राने दोन रेघा ओढल्या होत्या, कारण आम्ही पहिले आठ-दहा दिवस नेमके हेच करत होतो. एक तारा दिला की सरासरी १.३ होते, म्हणजे एका तलवारीपेक्षा किंचित बरी. दोन ताऱ्यांवर मुख्य हात पुन्हा ६० टक्क्यांवर येतो, डावा ४० टक्क्यांवर, आणि सरासरी १.६ होते. तीन ताऱ्यांवर १.७.

या आकड्यांचा अर्थ नीट पाहावा. खरी उडी दुसऱ्या ताऱ्यावर आहे. तिसऱ्या ताऱ्याने दर फेरीला एकदशांश वाराची भर पडते; शत्रू अवघड असो वा सोपा, ती भर साधारण तेवढीच राहते, कारण डाव्या हाताचा वारच एक असतो. तोच तारा एखाद्या दुसऱ्या शस्त्राला दुसरा म्हणून दिला, तर त्या शस्त्रात अर्धा वार, थॅकोत १ आणि प्रत्येक वाराला २ इजा मिळते. म्हणून ‘टू-वेपन’मध्ये दोन तारे लवकर द्यावेत आणि तिसरा शेवटी द्यावा. तिन्ही तारे सुरुवातीलाच ओतून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मान्य नाही.

डाव्या हातात काय धरावे, याचा हिशोब तर आणखी उद्बोधक आहे. दुसऱ्या भागात ‘बेल्म’ नावाची +२ (म्हणजे जादूचा लाभ २ असलेली) सिमिटर ही वाकडी तलवार आणि ‘कुंडेन’ नावाची +२ शॉर्ट सोर्ड आहे. दोन्हींमुळे दर फेरीत एक वार वाढतो आणि मूळ खेळात शस्त्र डाव्या हातात असले तरी तो वाढीव वार मुख्य हाताला मिळतो. आपल्या एल्फने सिमिटरमध्ये एकही तारा न देता डाव्या हातात बेल्म धरली असे समजा. अप्रावीण्याचा २ चा दंड फक्त डाव्या हाताला बसतो आणि ‘टू-वेपन’च्या दोन ताऱ्यांसह तो हात २५ टक्क्यांवर येतो. मुख्य हाताचे वार मात्र दोनाचे तीन होतात आणि प्रत्येक ६० टक्के लागतो. बेरीज २.०५. दोन ताऱ्यांची नेहमीची जोडी १.६ देत होती. एकही तारा खर्च न करता केलेला हा फायदा इतर कोणत्याही ताऱ्यापेक्षा मोठा आहे. एकच लक्षात ठेवावे: दोन ताऱ्यांचा वाढीव अर्धा वार मुख्य हातातल्या शस्त्राच्या प्रावीण्यावरून ठरतो, म्हणून चांगले शिकलेले शस्त्र उजव्या हातात आणि गुणकारी शस्त्र डाव्या हातात धरावे.

बाकीच्या पद्धतींविषयी थोडक्यात. एकच शस्त्र वापरण्याच्या पद्धतीत पहिल्या ताऱ्याला आर्मर क्लासमध्ये १ आणि १९ वरही निर्णायक वार मिळतो. दुहाती शस्त्राच्या पद्धतीत पहिल्या ताऱ्याला इजा १ ने वाढते आणि दुसऱ्याला १९ वरही निर्णायक वार मिळतो. वीर काठी किंवा दुहाती तलवारीवरच वाढवायचा असेल, तरच तिकडे जावे.

जोडीतले दुसरे शस्त्र बोथट असावे

मी पहिल्यांदा दुसरा भाग खेळलो तेव्हा दोन तारे कटानाला, दोन हॅलबर्डला, एक खंजिराला आणि एक धनुष्याला दिला होता. दिसायला भरगच्च, पण सगळी शस्त्रे धारेची किंवा टोकाची. मातीच्या गोलेमसमोर (जादूने चालणाऱ्या पुतळ्यासमोर) गेल्यावर एकही वार लागू पडेना, कारण मातीच्या गोलेमला फक्त बोथट शस्त्राने इजा होते. त्या खोलीतून मी चार वेळा मागे फिरलो. सांगाड्यांवरही धारेची आणि टोकाची शस्त्रे कमी चालतात. तेव्हापासून फायटर-मेजच्या जोडीत एक धारेचे आणि एक बोथट शस्त्र असावे, हा नियम मी मोडलेला नाही.

बोथट शस्त्रांत फ्लेल (दांड्याला साखळीने जोडलेले जड मस्तक) हा प्रकार मी सर्वांत वर ठेवतो. या प्रावीण्यात मॉर्निंग स्टारही धरला जातो आणि पहिल्या भागात ही दोन्ही शस्त्रे सहज मिळतात. दुसऱ्या भागात ‘फ्लेल ऑफ एजेस’ डी’आर्नीस गढीत अगदी सुरुवातीला हाती लागतो: त्याची तीन मस्तके गढीत विखुरलेली आहेत, ती गोळा करून तिथल्याच भट्टीवर जोडायची असतात. तो +३ आहे, प्रत्येक वाराबरोबर आग, आम्ल आणि थंडी यांची थोडी इजा करतो आणि शत्रूला मंदही करू शकतो. ती गढी ट्रोलांनी भरलेली असते आणि खाली पडलेला ट्रोल आग किंवा आम्ल लागल्याशिवाय मरत नाही, म्हणजे शस्त्र मिळते तिथेच त्याचा उपयोग होतो. पुढे पुरवणीत त्याची ताकद आणखी वाढवता येते.

वॉर हॅमरचा मोह ‘क्रॉम फेअर’ मुळे होतो. ताकद २५ करणारा तो हातोडा मिळाला की धरावा, डाव्या हातातही चालेल. पण त्याचे भाग गोळा होईपर्यंत दुसरा भाग बराच सरलेला असतो आणि तोवर हातोड्याचे तारे पडून राहतात.

लाँग सोर्ड की कटाना, हा भाच्याचा मूळ प्रश्न. एकहाती शस्त्रांत कटानाची इजा १ ते १० असते, लाँग सोर्डची १ ते ८. दुसऱ्या भागातली ‘सेलेस्टियल फ्युरी’ ही +३ कटाना, जी टेंपल डिस्ट्रिक्टमधल्या पहाऱ्याच्या वाड्यात कडवी झुंज देऊन मिळते, ती शत्रूला जागीच सुन्न करू शकते. तिच्याइतके प्रभावी एकहाती शस्त्र इतक्या लवकर दुसरे नाही. पण पहिल्या भागात कटाना जवळजवळ मिळतच नाही, आणि लाँग सोर्ड पावलोपावली मिळतात. शिवाय वीर एल्फ असेल तर लाँग सोर्डला जन्मजात १ मिळतोच. म्हणून दुसऱ्या भागापासून सुरुवात करणाऱ्याने कटाना घ्यावी आणि पहिल्या भागापासून येणाऱ्याने लाँग सोर्ड. भाचा पहिल्या भागापासून येणार होता. त्याचे तोंड जरा उतरले, पण त्याने ऐकले.

पहिल्या भागापासून सुरुवात केल्यास

चारपैकी दोन तारे लाँग सोर्डला, एक लाँग बोला आणि एक फ्लेलला द्यावा. धनुष्याला एकच का, असे विचारले जाईल. धनुष्याने मूळचेच दर फेरीला दोन बाण सुटतात आणि त्याचा खरा उपयोग नाजूक काळापुरता आहे. एका ताऱ्याने दंड गेला की काम भागते. एल्फाला वर १ चा लाभ आहेच. धनुष्य दुहाती असल्यामुळे ते वापरण्यासाठी डावा हात मोकळा करावा लागतो, म्हणून लढाईच्या मधोमध अदलाबदल करण्यावर विसंबून राहू नये. आधी ठरवून जावे.

फायटरच्या तिसऱ्या आणि सहाव्या पातळीचे तारे ‘टू-वेपन’ला द्यावेत. तिसऱ्या पातळीनंतर लगेच दोन तलवारी हातात घेण्याची घाई करू नये. दुसरा तारा मिळेपर्यंत डाव्या हातात ढाल राहू द्यावी. ढालीमुळे मंत्र अडत नाहीत, अडतात ते चिलखतामुळे. एल्व्हन चेन हे एल्फांचे साखळी-चिलखत घालून मात्र मंत्र टाकता येतात, पण ती मिळेपर्यंत झग्यावरच भागवावे लागते, आणि लढाई सुरू असताना चिलखत काढता-घालता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. नवव्या पातळीला फ्लेलचा दुसरा तारा आणि बाराव्या पातळीला ‘टू-वेपन’चा तिसरा. आठ तारे झाले.

दुसऱ्या भागापासून सुरुवात केल्यास

नवा वीर इथे ८९ हजार गुणांसह येतो, म्हणजे प्रत्येक वर्गाला साडेचव्वेचाळीस हजार. त्यात फायटरची सहावी आणि मेजची सहावी पातळी होते, आणि ताऱ्यांची संख्या सहा होते. कटानाला दोन, फ्लेलला दोन आणि ‘टू-वेपन’ला दोन: हिशोब इतका चपखल बसतो की वहीत तो लिहिताना आम्हाला आनंद झाला होता. धनुष्याला इथे जागा नाही आणि गरजही नाही, कारण स्टोनस्किन फक्त एका पातळीच्या अंतरावर असतो. तेवढा वेळ मिरर इमेजवर काढावा आणि सोबत्यांना पुढे ठेवावे. नवव्या पातळीचा तारा काठीला द्यावा असे मी सुचवीन. ब्रिज डिस्ट्रिक्टमध्ये ‘ट्विस्टेड रून’शी लढून मिळणारी ‘स्टाफ ऑफ द मेजाय’ फक्त मेजांनाच चालते, हातात घेताच आपल्याला अदृश्य करते आणि तिच्या वाराने शत्रूची जादू उतरते. फायटरचा थॅको असलेला मेज ती निव्वळ मेजपेक्षा कितीतरी चांगली चालवतो.

तारा न देता जवळ ठेवायची शस्त्रे

बारा-पंधरा प्रकारच्या शस्त्रांना आपण तारा देणार नाही, याचा अर्थ ती वापरायचीच नाहीत असा होत नाही. फायटर-मेजला अप्रावीण्याचा दंड २ चा, म्हणजे वीसमुखी फाशावर दहा टक्क्यांचा असतो. निव्वळ मेजला तो ५ चा असतो. दहा टक्के ही एखाद्या प्रसंगापुरती सहज सोसण्यासारखी किंमत आहे. काँगॅक्स नावाच्या डेमिलिचला (मरूनही उरलेल्या महाजादूगाराला) +४ किंवा त्याहून चांगल्याच शस्त्राने इजा होते. ‘ॲडव्हेंचरर्स मार्ट’मधून +४ ‘स्टाफ ऑफ रिन’ विकत घेऊन, काठीत तारा नसतानाही, त्याच्याशी लढता येते.

याच्या उलट प्रसंगही येतो. शत्रूचे मोठे जादूगार ‘प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स’ हा सहाव्या वर्गाचा मंत्र टाकतात आणि मग आपली जादूची तलवार त्यांना अजिबात लागत नाही. साधी, जादू नसलेली तलवार लागते. म्हणून ज्या प्रकारात दोन तारे आहेत त्याच प्रकारचे एक साधे शस्त्र कायम झटपट कप्प्यात ठेवावे. तारे साध्या शस्त्रालाही तितकेच लागू होतात. एखाद्या दुकानात काही नाण्यांना मिळणारी साधी लाँग सोर्ड माझ्या वीराने शेवटपर्यंत जवळ बाळगली आहे आणि जादूगारांविरुद्ध तिने जितके काम केले तितके काही नामांकित तलवारींनीही केले नाही.

मेजची बारावी पातळी आली, म्हणजे एकूण पंधरा लाख गुण झाले, की सहाव्या वर्गातला ‘इम्प्रूव्हड हेस्ट’ मिळतो आणि वारांची संख्या दुप्पट होते. मगाशी १.६ आणि २.०५ यांतला फरक किरकोळ वाटला असेल, तर तो दुप्पट करून पाहावा. तिसऱ्या ‘टू-वेपन’ ताऱ्याची किंमतही याच वेळी वाढते, कारण डाव्या हाताचे वार दोन होतात. बाराव्या पातळीचा तारा तिथे ठेवण्याचे कारण हेच.

मानवी वीर घ्यायचा असेल तर

मानवाला मल्टिक्लास होता येत नाही. त्याला आधी फायटर होऊन नंतर मेज व्हावे लागते. त्यासाठी ताकद किमान १५ आणि बुद्धी किमान १७ लागते, आणि मेजची पातळी फायटरच्या पातळीपुढे जाईपर्यंत फायटरचे सारे कौशल्य झोपलेले राहते. या वीराला शस्त्रात पाच तारे देता येतात, त्यामुळे वर सांगितलेला जोडीचा नियम त्याला लागू नाही. नवव्या पातळीवर वर्ग बदलायचा ठरवले तर तोवर सात तारे मिळतात: पाच एका शस्त्राला आणि दोन ‘टू-वेपन’ला. बोथट शस्त्र त्याने ताऱ्याविना, दंड सोसून वापरावे. सातव्या पातळीआधी वर्ग बदलू नये, कारण तिथला अर्धा वार कायमचा हातचा जातो. तेराव्या पातळीपर्यंत थांबल्यास आणखी अर्धा वार मिळतो, पण त्यासाठी फायटर म्हणून साडेबारा लाख गुण लागतात आणि मेज म्हणून उभे राहायला फार उशीर होतो.

भाच्याने त्या संध्याकाळी दोन तारे लाँग सोर्डला, एक लाँग बोला आणि एक फ्लेलला दिला. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्याने ३, ६, ९, १२ असे आकडे एकाखाली एक लिहून प्रत्येकापुढे प्रावीण्याचे नाव लिहिले आणि पान फाडून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवले. परवा त्याचा निरोप आला की सहाव्या पातळीचा तारा देऊन झाला आहे आणि ढाल विकून टाकली आहे. ढाल विकायला नको होती, बाणांच्या माऱ्यात ती अजून लागेल, असे मी त्याला कळवले आहे.